आर्किटेक्ट व्हायचंय? आधी हे समजून घ्या

बंगळुरूत तुम्ही "मी आर्किटेक्ट आहे" असं सांगितलंत, तर पुढचा प्रश्न बहुधा येतो, "कोणत्या कंपनीत?" कारण या शहरात सोल्यूशन आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट अशी पदं सॉफ्टवेअरमध्येच जास्त. आज आपण बोलणार आहोत ते घरं, शाळा, दवाखाने उभे करणाऱ्या आर्किटेक्टबद्दल, म्हणजे वास्तुविशारदाबद्दल. बारावीतली मुलगी "मला बी. आर्क. करायचंय" म्हणते आणि घरात शांतता पसरते. पाच वर्षं जाणार, फी भरायची, मग पगार किती? आईवडिलांचे हे प्रश्न रास्त आहेत. एकेक करून बघू.

पहिला मुद्दा कायद्याचा. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार, मान्यताप्राप्त पदवी घेऊन कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाचं रक्षण करतो. तसलं काम करायला इतरांना बंदी घालत नाही. याचा अर्थ असा, की सिव्हिल इंजिनिअर किंवा ठेकेदारही घराचा आराखडा करून देतो आणि लोक त्याच्याकडे जातात. तेव्हा नुसत्या पदवीवर काम मिळेल, या भरवशावर राहू नका. आपण त्याच्यापेक्षा वेगळं काय देतो, हे रोज दाखवावं लागतं.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे, मात्र त्यात गणित हवं. मग नाटा ही कौन्सिलची परीक्षा, किंवा जेईई मेनचा बी. आर्क.साठीचा पेपर. कर्नाटकातल्या सरकारी कोट्याच्या जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए भरतं. बेळगाव, निपाणीकडची कर्नाटकातच शिकलेली मुलं साधारणपणे याच रांगेत येतात. कोल्हापूर, सोलापूर, पुण्याच्या मुलांनी मात्र कर्नाटकात किती वर्षं शिकल्याची अट आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधी तपासावं. नाहीतर खासगी कोट्याची फी समोर येते आणि सगळं गणित बदलतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे गोड बोलून उपयोग नाही. सुरुवातीचा पगार शेजारच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलापेक्षा बहुधा कमी असतो. कारण साधं आहे. बरीचशी आर्किटेक्ट कार्यालयं लहान असतात, त्यांचं उत्पन्न ग्राहकाच्या फीमधून येतं, आणि ती फी कामाच्या टप्प्याटप्प्याने मिळते. बांधकाम थांबलं की फीही थांबते. स्वतःचं कार्यालय काढायचं तर आधी काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढावी लागतात. शैक्षणिक कर्ज घेणार असाल, तर हप्ता या सुरुवातीच्या पगारातून फिटेल का, हे आजच कागदावर मांडा.

मग हे करायचं कशासाठी? उत्तर बंगळुरूतच आहे. बन्नेरघट्टा रस्त्यावरचं आयआयएम बाळकृष्ण दोशींनी उभं केलं. दोशी जन्मले पुण्यात, १९२७ साली. शिकले मुंबईच्या जे. जे.मध्ये. पुढे पॅरिसला ल कोर्बुझिएंकडे काम केलं आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. या संकुलाचं काम १९७७ पासून १९९२ पर्यंत चाललं. बंगळुरूची हवा सौम्य, म्हणून त्यांनी करड्या दगडाचे उंच, अर्धे उघडे मार्ग आखले. तिथे वेली चढतात, ऊन-सावली सरकते, आणि वर्गातून बाहेर पडलेली मुलं बोलत उभी राहतात. ती बोलण्याची जागासुद्धा आराखड्याचाच भाग आहे. दोशींचं वेगळेपण इथे दिसतं.

दुसरं उदाहरण चित्रा विश्वनाथ यांचं. बंगळुरूत त्या अनेक वर्षं मातीच्या दाबलेल्या विटांची घरं बांधत आल्या आहेत. पाया खणताना निघालेली माती ट्रकने फेकून देण्याऐवजी तिच्याच विटा करायच्या, छपरावरचा पाऊस साठवायचा. ज्या शहराला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणावं लागतं, तिथे हा हौसेचा भाग राहत नाही, गरजेचा होतो.

आता मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी टेप घ्या, आपलं घर मोजा आणि प्रमाणात त्याचा नकाशा काढा. दुपारी तीनला ऊन कुठे पडतं, पावसाचं पाणी कुठून वाहतं, आजीला न्हाणीघरात जाताना कशाचा आधार घ्यावा लागतो, हे त्यावर लिहा. मग एखाद्या कार्यालयात आठवडाभर बसू द्याल का म्हणून विचारा. जमलं तर साइटवर उन्हात उभे राहा. पाच वर्षांचं शिक्षण, त्यातलं कार्यालयातलं प्रशिक्षणाचं सत्र आणि पुढची नोकरी बरीचशी याच कामाची असते. कंटाळा आला तर आत्ताच कळलेलं बरं. आणि नकाशा पुरा झाल्यावर भिंत सरकवून बघायचा मोह झाला, तर तोच नकाशा घेऊन आईबाबांसमोर बसा. खर्चाचा कागदही सोबत ठेवा. बोलणं सोपं जाईल.

पुढच्या भागात भेटू.