मुलांच्या हातची मेथी

नवरात्र जवळ आले की घरोघरी शेतातली काळी माती आणली जाते. पत्रावळीवर ती पसरून त्यात गहू, ज्वारी, मूग पेरतात, मधोमध घट बसतो आणि दसऱ्याला वाढलेले अंकुर टोपीत खोवले जातात. मुलांना पेरणी शिकवायला याहून सोपा धडा नाही. घटाचे अंकुर पिवळट का, असे मुलाने विचारले तर सांगावे, की देवघरात ऊन येत नाही, म्हणून पानांत हरितद्रव्य तयार झाले नाही. मग धड्याचा दुसरा भाग खिडकीतल्या उन्हात, मेथीचा.

डॉक्टरने हे का सांगावे? दवाखान्यात मुलाची खालची पापणी ओढून पाहिली की पुष्कळदा आतला भाग फिकट दिसतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. वाटीभर मेथीने तो बरा होत नाही, तपासणी व औषध लागतेच. परंतु ताटातली पालेभाजी बाजूला सारणारे मूल स्वतः पेरलेली भाजी चाखून तरी पाहते. तिच्यावर लिंबू पिळावे, लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र नको.

नारळाची करवंटी, फुटका कप, दुधाची रिकामी पिशवी, काहीही चालते. फक्त तळाला भोक हवे. मेथी रात्रभर भिजवून पेरावी व वर मातीचा पातळ थर द्यावा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तीनेक आठवड्यांत पाने खुडता येतात. धने रगडून दोन फाका करून पेरतात, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. पण त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढ्यात मुलांचा धीर सुटतो!

बी मात्र स्वयंपाकघरातलेच घ्यावे. शेतीसाठी आणलेल्या गुलाबी, निळ्या बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले असते. तो रंग मोठ्यांसाठी इशारा असतो, लहानग्याला मात्र ती रंगीत बडीशेप वाटते. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्याची कुंडी करू नये. असे बी मुलाने खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. बियाण्याची पिशवी बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.

दुसरी गोष्ट नाकाकानाची. हरभरा, वाटाणा, मूग नाकात किंवा कानात घातलेली मुले आम्हा डॉक्टरांना नवी नाहीत. घाबरून कानात पाणी घातले तर दाणा फुगून घट्ट बसतो. हेअरपिनने तो आणखी आत जातो. एकाच नाकपुडीतून घाण वास येऊन शेंबूड वाहत असेल, तर ती सर्दी समजू नका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बी देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे.

मातीत हात घालण्यापूर्वी धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्या आहेत ना, ते लसीकरण कार्डावर पाहावे. पाचव्या-सहाव्या वर्षीचा आणि दहाव्या वर्षीचा डोस हमखास राहून जातो. काम झाल्यावर हात साबणाने, नखांसकट धुवावेत. आणि करवंटीखाली बशी ठेवली असेल, तर आठवड्यातून एकदा तरी ती रिकामी करून घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास तेवढ्या पाण्यातही वाढतो.