पोट फुगलं म्हणून कडधान्यं सोडू नका

नवरात्र आलं की चेन्नईत घरोघरी गोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या जातात आणि रोज वेगळ्या कडधान्याचं सुंडल होतं. आज काळे हरभरे, उद्या चवळी, परवा वाटाणे. रात्री भिजवायचं, सकाळी शिजवायचं, मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता आणि हिंगाची फोडणी द्यायची, वरून ओलं खोबरं. आपल्या सुक्या उसळीचंच हे सख्खं भावंड. मरीना किनाऱ्याच्या वाळूत संध्याकाळी वाटाण्याचं सुंडल मिळतं, त्यात कैरीचे तुकडेही असतात.

हे सगळं पाहून बाहेरच्या माणसाला चेन्नई शाकाहारी शहर वाटतं. प्रत्यक्षात २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार तमिळनाडूत १५ वर्षांवरचे सुमारे ९८ टक्के लोक मांसाहार करणारे आहेत. त्यामुळे इथे कुणी मासे, मटण, अंडी आणि दूध सोडून वनस्पतीजन्य आहाराकडे वळतं, तेव्हा ताट मुळापासून बदलतं. दोन चमचे सांबारातली डाळ खाणारा माणूस एकदम वाटीभर राजमा आणि छोले खायला लागतो. चार दिवसांत पोट तट्ट फुगतं आणि “मला हे झेपत नाही” म्हणून तो माघारी फिरतो. मात्र चूक बहुतेक वेळा कडधान्याची नसते, खाण्याच्या घाईची असते. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज १ : गॅस झाला म्हणजे कडधान्यं मला सोसत नाहीत.

वस्तुस्थिती : कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकियोज आणि व्हर्बॅस्कोज नावाच्या साखरा असतात. त्या फोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर लागतं आणि ते कुठल्याच माणसाच्या लहान आतड्यात तयार होत नाही. त्यामुळे या साखरा न पचता मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन तयार होतो. या कामातूनच ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींना मुख्य इंधन त्यातूनच मिळतं. गॅस हा त्याच कामाचा दुसरा भाग आहे.

निरोगी माणूसही दिवसातून साधारण १० ते २० वेळा वारा सोडतो. त्यातला बहुतेक वायू बिनवासाचा असतो. वास येतो तो अगदी थोड्या गंधकयुक्त वायूंमुळे.

शिवाय गॅस फक्त डाळी-उसळींनी होतो असंही नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर न पचणाऱ्यांचं प्रमाण दक्षिण भारतात उत्तरेपेक्षा जास्त आहे. अशा माणसाने दूध सोडलं, तर गॅसचं एक जुनं कारण उलट कमी होतं.

गैरसमज २ : हा त्रास आता जन्माचा.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या डॉना विनहॅम आणि अँड्रिया हचिन्स यांनी २०११ मध्ये तीन आहार-प्रयोगांतली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात लोकांना कित्येक आठवडे रोज अर्धा कप कडधान्य दिलं होतं. राजम्याच्या जातीच्या दाण्यांनी पहिल्या आठवड्यात गॅस वाढल्याचं निम्म्याहून कमी लोकांनी सांगितलं. चवळीने वाढल्याचं सांगणारे फक्त १९ टक्के होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर बहुतेकांचा त्रास ओसरला. विशेष म्हणजे ज्यांना कडधान्य दिलंच नव्हतं, त्यांच्यातही ३ ते ११ टक्के लोकांना गॅस वाढल्यासारखं वाटलं.

यातून दोन गोष्टी कळतात. सगळी कडधान्यं सारखी नसतात आणि सगळी पोटंही सारखी नसतात. चेन्नईच्या किराणा दुकानात ‘कारामणी’ मागा, म्हणजे चवळी मिळेल. सुरुवात तिच्यापासून करायला हरकत नाही.

गैरसमज ३ : आहार बदलायचा तर एका दिवसात बदलावा.

वस्तुस्थिती : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २,००० कॅलरींच्या आहारासाठी रोज ८५ ग्रॅम कच्च्या डाळी-कडधान्यांचं प्रमाण दिलं आहे. हे प्रमाण गाठायचं आहे, पण पहिल्याच दिवशी नव्हे.

पहिल्या आठवड्यात एका जेवणात दोन-तीन मोठे चमचे शिजवलेली मुगाची डाळ किंवा चवळी पुरे. दुसऱ्या आठवड्यात अर्धी वाटी. मग तूर, मसूर, मटकी. हरभरे, राजमा आणि वाल सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, म्हणजे कशाने काय होतं ते कळेल. त्याच आठवड्यात फ्लॉवर, कोबी, कच्ची कोशिंबीर आणि काजूचं दूध असं सगळं एकदम सुरू केलं, तर दोष मात्र बिचाऱ्या हरभऱ्याच्या माथी जातो. कांदा, लसूण आणि गहू यांतही आतड्यात आंबणारे घटक असतात, हेही लक्षात ठेवा. तंतुमय पदार्थ वाढवताना पाणीही वाढवा, नाहीतर मलावरोध होऊन पोट अधिकच जड वाटतं.

गैरसमज ४ : चिमूटभर हिंग घातला की काम झालं.

वस्तुस्थिती : हिंगाने पोटाला बरं वाटू शकतं, पण त्याबद्दलचे पुरावे मोजके आहेत आणि हिंग त्या साखरा फोडत नाही. खरं काम भिजवण्यात आहे. या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, कडधान्य दोनदा धुवायचं आणि नव्या पाण्यात शिजवायचं.

चेन्नईच्या उन्हाळ्यात इथे एक काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात रात्री दहाला ओट्यावर भिजवलेले हरभरे सकाळी सहाला उघडले, तर वर पांढरा फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. म्हणून पातेलं फ्रिजमध्ये ठेवा किंवा झोपण्यापूर्वी एकदा पाणी बदला. हरभरा बोटांच्या चिमटीत दाबला की पिठासारखा विरघळला पाहिजे. कणी लागत असेल तर आणखी शिट्ट्या द्या.

मोड आणण्याची आपली पद्धतही शहाणपणाची आहे. मोड येताना बियाण्यातलंच विकर जागं होतं आणि त्या साखरा खर्ची पडतात. इडलीचं पीठ आंबतानाही उडदातल्या या साखरा कमी होतात. मोड मात्र वाफवून किंवा शिजवून खा. राजम्याची तर विशेष काळजी घ्या. तो अर्धकच्चा राहिला तर त्यातल्या विषारी घटकामुळे उलट्या-जुलाब होतात. त्याला गॅस समजू नका.

अल्फा-गॅलॅक्टोसिडेझच्या गोळ्याही मिळतात. पहिल्या घासाबरोबर घेतल्या तर काही जणांना उपयोग होतो. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गैरसमज ५ : जेवणावर सोडा प्यायला की गॅस निघून जातो.

वस्तुस्थिती : चेन्नईत भरपेट जेवणानंतर गोळी सोडा किंवा पन्नीर सोडा पिण्याची सवय जुनी आहे. त्यानंतर येणारी ढेकर मुख्यतः सोड्यातल्याच कार्बन डायऑक्साइडची असते. मोठ्या आतड्यातल्या वायूला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा आपली शतपावली बरी. आडवं होण्यापेक्षा उभं राहिल्याने, चालल्याने वायू पुढे सरकतो. सावकाश चावून खाल्लं तर जेवताना गिळली जाणारी हवाही कमी होते.

गैरसमज ६ : गॅस, ॲसिडिटी, छातीतलं दुखणं, सगळं एकच.

वस्तुस्थिती : आम्ल जठरात तयार होतं आणि कडधान्यांचा वायू मोठ्या आतड्यात. आम्ल कमी करणारी गोळी वायूवर चालत नाही. ती मनाने महिनोन्‌महिने घेत राहू नका.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. छातीत दाब, घाम, दम लागणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, यातलं काहीही झालं तर “गॅस धरलाय” म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ ला फोन करा. हृदयविकाराच्या झटक्यात वेळ हाच उपचार असतो.

शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा न थांबणारे जुलाब असतील, तर डॉक्टरांकडे जा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगू लागलं, तर तपासणी लांबवू नका. अंडाशयाच्या कर्करोगाचंही ते लक्षण असू शकतं.

यातलं काही नसेल, तर मात्र घाबरू नका. आपल्या आतड्याला तीन आठवड्यांची मुदत द्या. आज रात्री मूठभर चवळी भिजत घाला, सकाळी पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात मऊ शिजवा आणि दोन चमचे खाऊन उठा. पुढच्या आठवड्यात चार चमचे खा.