पाऊस कमी, तरी गोगलगाय जगते

शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतल्या दमट किनारी जंगलांची. केनिया-टांझानियाकडचा हा पालाखाऊ जीव 1847 मध्ये विल्यम बेन्सन यांच्यामार्फत मॉरिशसहून कोलकात्यात आला आणि तिथून देशभर पसरला. 2022 च्या खरिपात लातूर, धाराशिव, बीडमध्ये तिने उगवते सोयाबीन फस्त केले. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या पर्जन्यछायेतल्या गावात मात्र ‘आपल्याकडं पाऊसच नाही, ती कशाला येईल?’ असे कुणालाही वाटेल. हा भरवसा चुकीचा आहे. गोगलगायीला पाऊस किती पडतो यापेक्षा जमिनीलगत ओल किती टिकते, हे महत्त्वाचे. तिच्या उघड्या अंगातून पाणी झपाट्याने उडते, म्हणून ती रात्री फिरते. ऊन वाढले की शंखात शिरून, तोंडावर चिकट स्रावाचा पापुद्रा वाळवून कित्येक महिने पडून राहते. म्हणजे उन्हाळा तिला मारत नाही, थांबवतो फक्त. आणि नीरा डावा कालवा, उजनीचे पाणी, ठिबक, उसाचे पाचट यांमुळे या दुष्काळी पट्ट्यात बारमाही ओलसर सावली आपणच तयार केली आहे. शंखाला लागणारा चुनाही इथल्या चुनखडीच्या जमिनीत भरपूर आहे.

तेवढा धोका असेल तर विष टाकून मोकळे व्हावे, असे कुणी म्हणेल. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी गोगलगायी मरतात हे खरे, पण त्या कुत्र्यांनाही घातक आहेत, आणि मातीतली अंडी तशीच राहतात. एक गोगलगाय एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालते; साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी. तिचा शत्रू आणून सोडावा, तर हवाईत 1955 मध्ये तेच केले गेले. तिथे सोडलेल्या शिकारी गोगलगायीने तिथल्याच झाडांवरच्या गोगलगायींच्या अनेक दुर्मीळ जाती संपवल्या. आफ्रिकन पाहुणी मात्र टिकली. फ्लोरिडाने चिकाटीने शोधून, वेचून आणि औषध वापरून तिचा दोनदा नायनाट केला, 1975 आणि 2021 मध्ये. दुसऱ्या खेपेला दहा वर्षे लागली.

म्हणून रोपवाटिकेतून रोपे आणताना मातीचा गोळा तपासा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बांधावर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे टाका, सकाळी हातमोजे घालून गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. अंडी दिसली तर तीही नष्ट करा. शेजारच्यानेही हेच केले पाहिजे, कारण बांध ओलांडायला तिला एक रात्र पुरते.