विश्लेषण : केपटाऊनच्या रंगीत ‘बो-काप’मध्ये कॅमेऱ्यांवर नाराजी का?

लिंबासारख्या पिवळ्या भिंतीला खेटून गुलाबी भिंत, तिच्या शेजारी मोरपंखी आणि मागे टेबल माउंटन. केपटाऊनचा एखादा रील पाहिला असेल, तर हा चढाचा रस्ता तुमच्या नजरेखालून गेलाच असेल. ही वस्ती म्हणजे बो-काप. दक्षिण आफ्रिकेतील सर्वाधिक फोटो काढल्या जाणाऱ्या मोहल्ल्यांत तिची गणना होते. मात्र आपल्या ओट्यावर कुणी अनोळखी माणसाने येऊन पोझ द्यावी, हे इथल्या अनेक रहिवाशांना मान्य नाही.

ही वस्ती कुणाची?

‘बो-काप’चा आफ्रिकान्स भाषेतील अर्थ साधारण ‘केपच्या वरच्या अंगाला’ असा होतो. सिग्नल हिलच्या उतारावर १७६०च्या दशकापासून येथे भाड्याने देण्यासाठी छोटी घरे बांधली गेली. डच ईस्ट इंडिया कंपनीने आजचा इंडोनेशिया, श्रीलंका, मादागास्कर आणि भारतातील बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यांवरून माणसे गुलाम म्हणून केपमध्ये आणली होती. राजकीय कैदीही पाठवले जात. त्यांतले एक तुआन गुरू. तिदोर बेटावरच्या राजघराण्यातील या विद्वानाला १७८० मध्ये आणून रॉबेन बेटावर ठेवण्यात आले. पुढे मंडेलांमुळे जगाला माहीत झालेले बेट ते हेच. सुटकेनंतर त्यांच्या पुढाकाराने १७९४ मध्ये डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद सुरू झाली. ती दक्षिण आफ्रिकेतील सर्वांत जुनी मशीद मानली जाते. तिची जागा मुक्त झालेल्या एका गुलामाच्या कुटुंबाची होती.

ब्रिटिशांनी १८३४ मध्ये गुलामी रद्द केली खरी, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे जुन्याच मालकाकडे राबणे सक्तीचे होते. प्रत्यक्ष सुटका झाली ती १ डिसेंबर १८३८ रोजी. त्यानंतर अनेक मुक्त कुटुंबे या उतारावर स्थिरावली.

शेजारची वस्ती पाडली, ही कशी वाचली?

वर्णभेदी सरकारचा १९५०चा ‘ग्रुप एरियाज अॅक्ट’ म्हणजे कुणी कुठे राहायचे हे वंशावरून ठरवणारा कायदा. त्याखाली बो-काप १९५७ मध्ये ‘केप मलाय’ लोकांसाठी राखीव झाले. वस्ती टिकली, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या इतर धर्म-वंशाच्या शेजाऱ्यांना बाहेर पडावे लागले. म्हणजे आज फोटोत दिसणारा ‘अस्सल मलाय मोहल्ला’ काही अंशी सरकारी चाळणीतून तयार झाला आहे.

शहराच्या मध्यभागाच्या दुसऱ्या बाजूच्या डिस्ट्रिक्ट सिक्सच्या वाट्याला याहून वाईट आले. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी हा भाग गोऱ्यांसाठी घोषित झाला आणि पुढच्या काही वर्षांत ६० हजारांहून अधिक लोकांना हुसकावून घरांवर बुलडोझर फिरवण्यात आले. यात आपल्याकडचे लोकही होते. रत्नागिरी-रायगड पट्ट्यातील कोकणी मुस्लिम कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनमध्ये येऊन दुकानदारी करू लागली होती. भारतीयांसाठी नंतर रायलँड्स हा लांबचा भाग ठरवून देण्यात आला.

फोटोंचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. डिस्ट्रिक्ट सिक्स पाडले जाण्याआधी जॉर्ज हॅलेट हा तरुण छायाचित्रकार तिथल्या गल्ल्यांत फिरून फोटो काढत होता. पोरे, दुकाने, कोपऱ्यावर गप्पा मारणारी माणसे असे रोजचेच विषय. घरे गेली आणि वस्ती कशी होती हे दाखवायला असे फोटो उरले. डेव्हिड गोल्डब्लॅट यांनी जोहान्सबर्गच्या फिएटास या भारतीय वस्तीचे असेच चित्रण केले. वर्णभेदाच्या काळात त्यांनी आपले स्वतःचे काम कृष्णधवलच ठेवले. त्या काळाचा संताप दाखवायला रंगीत फिल्म त्यांना फारच गोड वाटत असे.

बो-कापमध्ये उलटे झाले आहे. इथे रंगच विषय झाला आणि माणूस चौकटीबाहेर गेला.

आणि हे रंग आले कुठून?

गाइड हमखास सांगतात ती गोष्ट अशी : भाड्याची घरे पांढरीच ठेवावी लागत, मालकी मिळाल्यावर लोकांनी स्वातंत्र्य म्हणून रंग फासले. गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच जपून ऐकावी. आजचा भडकपणा त्या मानाने अलीकडचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानणारेही आहेत. ईदच्या आधी घर रंगवण्याची प्रथा मात्र घरोघरी सांगितली जाते. आपल्याकडे दिवाळीला रंगकाम काढतात, तसेच.

मग नाराजी नेमकी कशावर?

रंगांची कीर्ती पसरली तशी पर्यटकांच्या बसगाड्या आल्या, घरांच्या किमती आणि पालिकेचे कर वाढले, उंच इमारतींचे प्रस्ताव आले. २०१८ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. २०१९ मध्ये महापालिकेने या भागाला वारसा संरक्षण क्षेत्राचा दर्जा दिला आणि तिथली काही स्थळे राष्ट्रीय वारसा म्हणून घोषित झाली. कॅमेरा हा या सगळ्या दबावाचा सर्वांत जवळून दिसणारा भाग. त्यातच घराचा ओटा, ज्याला तिथे ‘स्टूप’ म्हणतात, हा घराचाच भाग असतो. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये राहणाऱ्यांना ही तक्रार वेगळी समजावून सांगायला नको.

सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला सहसा मनाई नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला पालिकेची परवानगी लागते. प्रश्न उरतो तो दाराशी बसलेल्या आजीबाईंचा आणि खेळणाऱ्या मुलांचा. कायदा काहीही म्हणो, तिथे विचारूनच कॅमेरा उचलणे बरे.

फोटो काढायचाच असेल तर?

वस्ती सिग्नल हिलच्या पूर्व उतारावर असल्याने सकाळचे ऊन थेट दर्शनी भिंतींवर येते. दुपार कलली की टेकडीची सावली पडू लागते. मोबाइलचे सॉफ्टवेअर रंग आपणहून गडद करते. लाल-गुलाबी भिंतीवर त्यामुळे पोपडे, भेगा, ब्रशचे फटकारे सगळे पुसले जाऊन नुसता सपाट रंगाचा ठोकळा उरतो. एक्स्पोजर थोडे कमी करा, फिल्टर बंद ठेवा, भिंत भिंतीसारखी दिसेल.

रविवारी सकाळी गेलात तर कॅमेरा खिशात ठेवून आधी ‘कूसिस्टर’ घ्या. मसाल्याच्या पिठाचे तळलेले गोळे पाकात घोळवून वर खोबऱ्याचा कीस भुरभुरवतात. ते विकणाऱ्या बाईंशी दोन शब्द बोलणे झाले, तर फोटोसाठी विचारणेही सोपे जाते. त्या नाहीही म्हणू शकतात.