मलिक अंबरची लेव्हल

दौलताबादच्या अंधारीत शिरलं की दुसऱ्या वळणाला डोळ्यांचा उपयोग संपतो. पाय पायरी चाचपत राहतात, नाकाला वटवाघळांचा वास येतो आणि पुढे चालणाऱ्या गाइडच्या टेंभ्याखेरीज काही दिसत नाही. मग तो नेहमीची गोष्ट सांगतो. इथे वाट फुटते, पलीकडे उजेड दिसतो, अंधाराला कंटाळलेला शत्रू उजेडाकडे धावतो आणि थेट खंदकात पडतो. माझा आठवीतला भाचा तोवर किल्ल्याकडे पाठ करून फोनमध्येच होता. ही गोष्ट ऐकल्यावर त्याने फोन खिशात घातला. "मामा, हे तर कुणीतरी लेव्हल डिझाइन केलंय!"

पोरगं बरोबर बोललं होतं. सुमारे दोनशे मीटर उंचीचा सुटा डोंगर, त्याचा पायथा तासून उभा केलेला कडा, भोवती कातळात खोदलेला खंदक, खिळ्यांचे दरवाजे, दर दरवाज्यापुढे काटकोनात वळणारी वाट. हत्तीला धडक द्यायला धाव घेताच येऊ नये, अशी आखणी. खेळाडूला पुढचं किती दिसू द्यायचं आणि कुठे फसवायचं, हा गेम बनवणाऱ्यांचा रोजचा हिशेब. तो इथे दगडात केलेला आहे.

"पण याचा गेम केला तर हिरो कोण?" त्याचा पुढचा प्रश्न. यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल अशी रांग लागली असताना मी एकच नाव घेतलं: मलिक अंबर. भाच्याने ते ऐकलं नव्हतं. त्याला लिओनार्दो दा विंची ठाऊक होता, तोही पुस्तकातून नव्हे. २००९ च्या 'असॅसिन्स क्रीड २' या गेममध्ये हा लिओनार्दो नायकाचा मित्र आहे. तो गुप्त पात्यांची हत्यारं बनवून देतो आणि आपलं उडतं यंत्रही वापरायला देतो. खेळाडू त्यावर बसून व्हेनिसवरून उडतो. खऱ्या लिओनार्दोने तशा यंत्रांची सुंदर चित्रं काढली, पण ती उडाल्याचा पुरावा नाही. निकोला टेस्लाचंही तेच. त्याने १८९१ मध्ये बनवलेली टेस्ला कॉइल १९९६ च्या 'रेड अलर्ट' मध्ये सोव्हिएत फौजेचा बुरूज झाली, जवळ येणाऱ्या सैनिकांना विजेने जाळणारा. तारांशिवाय दिवे पेटवण्याचं स्वप्न पाहणारा हा माणूस अमेरिकेत राहिला आणि खेळात त्याची वीज सोव्हिएतांच्या कामी आली!

संशोधक आणि दंतकथा यांचं लग्न आपल्याकडेही लागलेलं आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट मराठी घरांत अजून सांगितली जाते. २०१५ मध्ये त्यावर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही निघाला. गोष्ट म्हणून ती झकास आहे. पण ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो, त्यातली यंत्रं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. चित्रपटाने किंवा गेमने विमान खुशाल उडवावं. पाठ्यपुस्तकाने मात्र उडवू नये.

अंबरची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याची आकृत्यांनी भरलेली वही आपल्यापुढे नाही, पण त्याचं पाण्याचं काम चाललं.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या बाजारातून फिरत तो दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याकडे आला. चंगेझ खान नावाचा तो पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा अंबरने निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षं तो डोंगरदऱ्यांतून मुघलांना हैराण करत राहिला. मालोजी आणि शहाजी भोसले हे त्याच काळातले निजामशाहीचे सरदार.

या माणसावर पहिलं 'गेमिंग' केलं ते खुद्द जहांगीर बादशहाने. १६१६ च्या सुमाराचं अबुल हसनचं एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. माशावर बैल, बैलावर पृथ्वीचा गोल, गोलावर उभा बादशहा, आणि तो भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. असं कधी घडलंच नाही. जे रणात साधेना, ते चित्रकाराकडून करवून घेतलं. हरलेली लेव्हल कागदावर जिंकण्याचा याहून जुना नमुना मला तरी आठवत नाही.

आता पाण्याकडे येऊ. १६१० मध्ये अंबरने खडकी गाव वसवलं. पुढे त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटलं, औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावातच खडक. बेसॉल्टच्या या थरांतला घट्ट दगड पाणी आत घेत नाही. पण त्याच्या वर आणि मध्ये सच्छिद्र, कुजलेला मुरमाड थर असतो आणि पावसाचं पाणी त्यातून मुंगीच्या पावलांनी सरकत राहतं. त्या थराला जमिनीखालून आडवी गॅलरी खोदून गाठायचं, झिरपा गोळा करायचा आणि केवळ उताराच्या जोरावर गावात आणायचा, ही नहर-ए-अंबरीची कल्पना. इराणातले कनात याच जातीचे.

खरी करामत पुढे आहे. वाटेत सखल भाग आला की उतार तुटतो. तिथे बंद नळ कामी येतो. घर बांधताना गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची उंची जुळवतो, ती 'लेव्हल' सगळ्यांनी पाहिलेली असते. नळी मध्ये कितीही लोंबकळली, तरी दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं. शहराच्या नहरींमध्ये हेच तत्त्व आहे. पाणी खाली उतरतं आणि पलीकडे पुन्हा चढतं. पण फुकट काही मिळत नाही. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे नळावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब येतो. पंधरा मीटरचा खळगा असेल तर तळहाताएवढ्या जागेवर दीडशे किलो. भाजलेल्या मातीचा, चुन्याने सांधलेला नळ अशाने फुटायचाच. वर उंचवट्यांपाशी हवा कोंडते आणि प्रवाह अडवते, ते वेगळंच.

म्हणून वाटेत दगड-विटांचे मनोरे उभे केले. नळातलं पाणी मनोऱ्यात चढतं, माथ्यावरच्या उघड्या कुंडीत येतं आणि तिथून नव्या नळाने पुढच्या, जरा कमी उंचीच्या मनोऱ्याकडे जातं. उघड्या कुंडीत दाब मोडतो, हवा निघून जाते, गाळ बसतो, वाटणी करायलाही जागा मिळते. पंप नाही, चाक नाही, हलणारा एकही भाग नाही. पाणचक्कीत जे पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि जात्याखालचं आडवं चाक फिरवतं, तेही याच विद्येचं. ती चक्की मात्र बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची आणि अंबरच्या कितीतरी नंतरची. पर्यटक ती बिनदिक्कत अंबरच्या खात्यावर टाकतात. दंतकथा अशीच फुगते, मागच्या-पुढच्या सगळ्यांची कामं एकाच नावावर चढतात. ज्या बेलदारांनी, गवंड्यांनी, कुंभारांनी नळ घातले, ते गर्दीत विरून जातात. गेम करणाऱ्याने तिथे मोकळ्या हाताने पात्रं रचावीत. एखादी नळ भाजणारी कुंभारीण नायिका केली तरी इतिहासाचं काही बिघडत नाही.

बिघडेल ते पाण्याने खोटं वागायला सुरुवात केली तर. 'माइनक्राफ्ट' मधलं पाणी उगमापासून आडवं सात ठोकळे जातं आणि थांबतं. दोन उगम नीट जोडले की कधीच न संपणारं पाणी मिळतं. मराठवाड्यातल्या माणसाला हा विनोदच वाटेल! त्या पाण्याला दाब नाही, त्यामुळे ते नळातून वर चढत नाही. नहरींचा एकही मनोरा तिथे चालणार नाही. दिसायला ओबडधोबड असलेल्या 'ड्वार्फ फोर्ट्रेस' मध्ये मात्र दाब आहे. तिथे चुकीच्या जागी कुदळ मारली की अख्खी वसाहत बुडते. २०२१ मध्ये आलेल्या 'टिंबरबॉर्न' या पोलिश गेममध्ये बीव्हर धरणं बांधतात, दुष्काळ येतो, साठवलेलं पाणी आटतं. अंबरच्या गेमला हे दोन गेम जवळचे आहेत. तलवार वाटेल तशी चालवा, पण पाण्याने आपली पातळी सोडता कामा नये.

आणि खलनायक? मुघलांकडून दख्खनमध्ये अंबरशी झुंजलेला अब्दुल रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारे आपले रहीम. त्यांच्याच सुभेदारीत १६१५ मध्ये बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा बांधला गेला, तोही जमिनीखालून झिरपा गोळा करणाराच. एकमेकांवर फौजा घेऊन जाणारे हे दोघे आपापल्या गावात एकच विद्या वापरत होते. कुठल्याही पटकथाकाराला हे सुचलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवलंय.

शेवटची लेव्हल अर्थातच दौलताबादची. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबत खानाने वेढा दिला, तेव्हा अंबर मरून सात वर्षं झाली होती. त्याच्या नावाचा बाहेरचा तट, अंबरकोट, सुरुंगाने फोडला गेला. वर बालेकिल्ल्यात अंबरचा मुलगा फतेहखान होता. अंधारीत लढाईची वेळच आली नाही. किल्ल्यावरचं धान्य संपलं आणि त्याने किल्ला देऊन टाकला. भाच्याचं यावर मत पडलं, "मामा, हे चीटिंग आहे." माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सर्वांत खरा प्रसंग हाच आहे आणि गेममध्ये तो गाळू नये.

पुण्यात २०२० मध्ये नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम करून दाखवला, त्यामुळे हे काम आपल्याकडे होणार नाही असं म्हणायला जागा नाही. ज्या कुणाला ते करायचं असेल, त्याने संगणक उघडण्याआधी इथे यावं आणि गवंड्याची लेव्हल नळी सोबत आणावी. किल्ला बघून झाला की दहा-बारा किलोमीटरवर खुलदाबाद आहे. अंबरची कबर तिथे आहे. तो १६२६ मध्ये वारला, वयाच्या ऐंशीच्या आसपास आणि जहांगीरच्या हाती न सापडता.