‘रिपोर्ट’ दाबलं, पुढं काय?

जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, हे आपल्याला आठवत असेल. असा मजकूर पुढं न पाठवता ‘रिपोर्ट’ करता येतो. पण त्यानंतर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

२०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावाच लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. एखाद्या बाईचा नग्न किंवा दुसऱ्या अंगाला तिचा चेहरा चिकटवलेला फोटो कुणी टाकला, तर तिच्या तक्रारीनंतर तो काढायलाही या नियमांनी २०२१ मध्ये २४ तासांचीच मुदत घातली होती. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी तक्रार केली तरी चालते. लाजेनं बोलवत नसेल तर गटातली विश्वासाची बाई करू शकते. आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख लिहून ठेवा. घाबरून सगळं पुसलं, तर पोलिसांना काय दाखवणार?

कंपनीनं दाद दिली नाही, तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं.

युरोपात २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यानं कंपनीला तक्रारदाराला निर्णय कळवावा लागतो, आणि ज्याचा मजकूर काढला त्याला कारणही. आपल्याकडं मोठ्या कंपन्या दरमहा अहवाल काढतात. त्यात तक्रारींचे आकडे असतात. तुमची तक्रार का फेटाळली, ते त्यात सापडत नाही. म्हणून अपिलाला कंपनीचं उत्तर जसंच्या तसं जोडा.