पद्मिनीला मागे रुंद टायर: ऐकीव आणि खरं

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. लोकांनी जपून ठेवलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून धावताहेत, आणि गाडी नव्याने उभी करताना मालकाची एक हौस ठरलेली असते: मागे रुंद रीम आणि रुंद टायर. गाडी मागून भारदस्त दिसते, यात वाद नाही. पण या कामाबद्दल गॅरेजात जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं चूक आहे आणि त्याचा भुर्दंड गाडीच्या पत्र्याला बसतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा समज म्हणजे टायर रुंद झाला की रस्त्याला टेकणारा रबर वाढतो. टेकणारं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचा भार आणि टायरमधली हवा यांवर ठरतं. मागच्या एका चाकावर 250 किलो भार आणि 25 पीएसआय हवा धरली, तर ते ढोबळमानाने 140 चौरस सेंटीमीटर येतं. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तर या क्षेत्राचा आकार बदलतो: रुंदी वाढते, लांबी कमी होते. वळणावर त्याचा थोडा फायदा मिळतो, पण साचलेल्या पाण्यावर तोच रुंद टायर लवकर तरंगतो. शिवाय पकड फक्त मागे वाढवली, तर जोरात घेतलेल्या वळणावर पुढची चाकं आधी घसरतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते.

‘मग पोर्शेला मागे रुंद टायर का?’ असं विचारलं जातं. 1973 च्या 911 कॅरेरा आरएस 2.7 ला पुढे 6 इंची आणि मागे 7 इंची रीम होत्या, हे खरं. पण त्या गाडीचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे होतं, ताकद 210 अश्वशक्ती होती आणि मागची मडगार्डं कारखान्यातच रुंद केलेली होती. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन पुढे बसतं आणि त्याची ताकद याच्या पाव हिश्श्याएवढीही नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे: उभ्या गाडीत टायर बसला म्हणजे काम फत्ते. 155/80 आर 14 काढून 185/65 आर 14 घातला, तर रुंदी 30 मिलिमीटरने वाढते. रीमचा मध्य जागेवर राहिला, तर आत 15 आणि बाहेर 15. आत पाटे आहेत, बाहेर मडगार्डची कड. त्यातही 185 चा टायर किमान 5 इंची रीम मागतो, म्हणजे नवी रीम आलीच, आणि मग सगळं तिच्या ऑफसेटवर, म्हणजे रीमचा मध्य आणि ड्रमला टेकणारा भाग यांच्यातल्या अंतरावर, येऊन ठरतं. मागचा ॲक्सल हा एकसंध दांडा आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही चाकं एकाच बाजूला कलतात. वळणावर पाट्यांचे रबरी बुश दबतात आणि अख्खा ॲक्सल थोडा आडवा सरकतो.

चालत्या गाडीत टायर कुठे घासेल, याची परीक्षा सोपी आहे. चाकाच्या कमानीच्या आतल्या कडेला आणि पाट्याच्या बाजूला ओल्या शाडूचे जाड पट्टे चिकटवा. मागच्या सीटवर तीन माणसं बसवा, डिकीत सामान ठेवा आणि आधी एक, मग दुसरं चाक जाड फळीवर चढवत गाडी सावकाश वळवून आणा. माती जिथे खरवडलेली दिसेल, तिथे हमरस्त्यावर टायर कापला जाणार. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली पाहिजे.

जागा कमी पडली की ‘कड कापून टाकू’ असा सल्ला येतो. हे कधीही करू देऊ नका. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच भार पेलतो. बाहेरचं मडगार्ड आणि आतली कमान त्या कडेपाशीच स्पॉट वेल्डने जोडलेली असतात. कड कापली की सांधा उघडा पडतो, पावसाचं पाणी आत जातं आणि गंज बाहेर फुटेपर्यंत कळतही नाही. कड आतल्या बाजूला हळूहळू दाबता येते. नंतर तडकलेला रंग आणि सांधा सीलंटने बंद करून घ्या.

स्पेसर, म्हणजे ड्रम आणि रीम यांच्यामध्ये घालायची चकती, हाही बिनखर्चाचा उपाय नव्हे. चाक जितकं बाहेर सरकतं, तितका बेअरिंगवरचा ताण वाढतो. बोल्ट जुनेच ठेवले, तर त्यांचे आटे कमी फिरतात, आणि चाक निसटतं ते तिथे.

ब्रेक सुधारतील ही आशाही फोल आहे, कारण ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं घेतात. मागे साधे आणि पुढे रेडियल अशी सरमिसळ तर टाळाच, गाडीची शेपटी फिरते. जुन्या रीमवर टायर ट्यूबसहितच वापरा.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण ती मूळ रूपात असेल तरच आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला नसेल तरच. कापलेलं मडगार्ड तिथे आडवं येऊ शकतं.

माझं मत विचाराल तर पद्मिनीला चारही चाकांवर 165 चे चांगले रेडियल पुरतात. रुंदच हवे असतील, तर आधी मोजमाप आणि शाडूची परीक्षा उरका, मगच रीमचे पैसे मोजा.